हसतखेळत लिहिता उन्हाळा: थोडे लेखन, जवळच्या भटकंत्या

उन्हाळा तोंडावर आला की लिहिणाऱ्या माणसाला एक विशिष्ट ताप चढतो. दिवस मोठे झालेले असतात, नेहमीच्या कामांचा रेटा जरा सैल पडलेला असतो आणि वर्षभर रखडलेले सगळे लेखन या दोन-अडीच महिन्यांत हातावेगळे होईल, असे त्याला मनापासून वाटू लागते. मीही एका उन्हाळ्यात ऐंशी हजार शब्दांची कादंबरी पूर्ण करण्याचे ठरवून भिंतीवर एक रंगीत तक्ता लावला होता. तक्ता अतिशय देखणा झाला. त्याला तीन दिवस आणि चार रंगांच्या पेन्सिली लागल्या. कादंबरीची मात्र अकराच पाने झाली आणि त्यांतलीही सात नायकाच्या घराच्या वर्णनात गेली, कारण त्याला घराबाहेर कशासाठी काढावे, हे मला काही केल्या सुचत नव्हते. नायक घरात अडकला होता, कारण मीच घरात अडकले होते, हे पुष्कळ उशिरा ध्यानात आले.

त्यानंतरच्या उन्हाळ्यांत हळूहळू बसत गेलेली पद्धत येथे सांगत आहे. तिचे तीन भाग आहेत: हाताशी एक लहान काम ठेवावे, आठवड्यातून दोनदा जवळपास कोठेतरी भटकून यावे आणि परतल्यानंतरचा पहिला अर्धा तास कोणालाही न देता वहीला द्यावा. पहिले दोन भाग बहुतेकांना आपोआप जमतात. तिसरा जमत नाही, आणि माझ्या मते सगळी गोम तेथेच आहे.

काम कोणते घ्यावे

उन्हाळ्यासाठी निवडलेल्या कामाला शेवट असावा आणि तो डोळ्यांना दिसण्याइतका जवळ असावा. हिशेब साधा आहे. शेवटचे दोन आठवडे निवडीसाठी राखून आठ आठवडे, आठवड्याचे चार दिवस आणि दिवसाला तीनशे शब्द धरले तर नऊ हजार सहाशे शब्द होतात. त्यांतले निम्मे पुढे छाटले जातील असे गृहीत धरावे, म्हणजे चार हजार आठशे शब्द उरतात. सहाशे शब्दांचे आठ लेख, किंवा दोन बऱ्यापैकी लांबीच्या कथा, किंवा एक लहानशी लेखमाला एवढ्यात नीट बसते. कादंबरी बसत नाही. ज्यांची कादंबरी आधीच निम्मी झाली आहे त्यांनी तिची दोन प्रकरणे घ्यावीत आणि उरलेल्या प्रकरणांचे नाव पावसाळ्यापर्यंत काढू नये.

भटकंतीशी जोडून लिहायचे असेल तर सुट्या सुट्या लहान तुकड्यांचा आकृतिबंध सोयीचा पडतो. जपानी कवी बाशो १६८९ साली उत्तरेकडच्या लांबलचक पायी प्रवासाला निघाला. त्या प्रवासाचे त्याने जे लेखन केले त्यात गद्याचा एखादा परिच्छेद येतो आणि त्याच्या पोटातून तीन ओळींचा हायकू वर येतो. मराठीत शिरीष पै यांनी हायकू रुजवला, त्यामुळे हा प्रकार आपल्याला परका नाही. दीडशे शब्दांचे गद्य आणि शेवटी तीन ओळी, असे तुकडे एका उन्हाळ्यात पंधरा-वीस सहज होतात. बाशोने मात्र त्या मजकुरावर पुढे कित्येक वर्षे काम केले आणि पुस्तक छापले गेले ते १७०२ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी, हेही लक्षात असू द्यावे. प्रवास संपला म्हणजे लेखन संपले, असे त्याच्याही बाबतीत झाले नाही.

दुसरा पर्याय एकाच ठिकाणाकडे सतत पाहत राहण्याचा आहे. दुर्गा भागवतांनी ‘ऋतुचक्र’मध्ये वर्षाचे बारा महिने एकेक करून न्याहाळले. इंग्लंडमधील गिल्बर्ट व्हाइट या धर्मोपदेशकाने आपल्या एका खेड्यातले पक्षी, किडे, पाऊस आणि झाडे यांविषयी वर्षानुवर्षे पत्रे लिहिली आणि १७८९ साली त्यांचे पुस्तक केले. एका उन्हाळ्यात अर्थातच एवढे होणार नाही. परंतु एकच झाड, एकच चौक किंवा एकच पायऱ्यांचा घाट दर आठवड्याला त्याच वेळी पाहून त्याचे आठ तुकडे लिहिणे हे अगदी आवाक्यातले काम आहे. पहिल्या तीन आठवड्यांत आपण ठिकाणाचे वर्णन करतो, चौथ्या आठवड्यात कंटाळा येतो आणि पाचव्या आठवड्यात बदल दिसू लागतात. चौथ्या आठवड्यात काम सोडून देणाऱ्यांची संख्या मोठी असावी, असा माझा संशय आहे. मी स्वतः दोनदा तेथेच गळाले आहे.

दिवस कसा वाटावा

उन्हाळ्यातला दिवस मोठा असला तरी कामाचा दिवस मोठा नसतो. सकाळचे दोन-तीन तास खरे. दुपार डोक्यावर आली की वाक्ये वितळू लागतात. म्हणून नवे लेखन सकाळी करावे आणि दुपारसाठी हाताने करण्याजोगी कामे राखून ठेवावीत: वहीतला मजकूर टंकणे, शब्द तपासणे, जुने कागद लावणे, किंवा नुसते वाचत पडणे. दुपारी झोप लागली तर ती घ्यावी. तिच्याबद्दल अपराधी वाटून घेण्यात जो वेळ जातो तो झोपेपेक्षा जास्त असतो.

सकाळच्या लेखनाचा विषय निघाला की ट्रॉलप या इंग्रज कादंबरीकाराचे उदाहरण हटकून दिले जाते. टपाल खात्यातील नोकरी सांभाळून त्याने ४७ कादंबऱ्या लिहिल्या. तो पहाटे साडेपाचला टेबलाशी बसत असे आणि घड्याळ समोर ठेवून दर पंधरा मिनिटांना २५० शब्द या गतीने लिहीत असे. त्याच्याकडून घड्याळ घ्यावे, गती घेऊ नये. पंचवीस-तीस मिनिटांचा गजर लावावा, तो वाजेपर्यंत खुर्ची सोडू नये आणि वाजल्यावर अवश्य उठावे. असे दोन फेरे झाले की सकाळचे तीनशे शब्द बहुधा झालेले असतात. उठताना वाक्य अर्धवट सोडण्याची सवय मला फार उपयोगी पडली. पुढचा शब्द माहीत असताना थांबले की दुसऱ्या दिवशी कोऱ्या कागदाशी झटापट करावी लागत नाही. ते अर्धे वाक्य आपली वाटच पाहत असते.

ज्या दिवशी भटकंती असेल त्या दिवशी सकाळचे लेखन करू नये. दोन्ही साधायला गेलेल्या दिवशी दोन्हींकडे घाई होते आणि संध्याकाळी आपण उगीचच घरातल्यांवर चिडतो.

बाहेर कोठे जावे

भटकंतीचे ठिकाण घरापासून तासाभरापेक्षा दूर नसावे आणि एकूण वेळ तीन तासांपेक्षा अधिक नसावा. यामागे काटकसरीचा विचार नाही. लांबचा प्रवास म्हटला की त्याची तयारी, तिकिटे, सोबत्यांच्या सोयी आणि ‘एवढे आलो आहोत तर सगळे पाहून घेऊ’ ही हाव या सगळ्यांत पाहण्याची शक्ती खर्च होते. जवळच्या ठिकाणी काही चुकवण्याची भीती नसते; आज नाही दिसले तर पुढच्या मंगळवारी दिसेल. शिवाय नवलाची जागा लेखकाला आळशी करते. डोंगरकडा समोर असला की तो भव्य आहे एवढे लिहून आपण मोकळे होतो. बसथांब्यावरच्या बाकाबद्दल लिहायचे तर मात्र त्याच्याकडे पाहावेच लागते.

फ्रेंच लेखक जॉर्ज पेरेक १९७४ च्या ऑक्टोबरात सलग तीन दिवस पॅरिसमधल्या एका चौकात जाऊन बसला. तेथील चर्च, कारंजे, पुतळे यांच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले होते, म्हणून त्याने उरलेले सगळे टिपायचे ठरवले: जाणाऱ्या बसचे क्रमांक, कबुतरे, पिशव्या घेऊन चाललेली माणसे, रंग बदलणारा उजेड. या प्रयोगाची लहान आवृत्ती कोणालाही करता येते. सावलीतली एक जागा धरावी, पाऊण तास बसावे आणि ज्याला एरवी कोणी ‘घडले’ असे म्हणणार नाही तेवढेच लिहावे. पहिल्या पंधरा मिनिटांत हात थांबत नाही, मग लिहिण्यासारखे काही उरले नाही असे वाटते आणि त्या कंटाळ्याच्या पलीकडे कोठेतरी कामाची गोष्ट सापडते.

इतर भटकंत्यांची यादी प्रत्येकाने आपापली करावी. माझ्या अनुभवात भरवशाचे ठरलेले काही प्रकार असे. बसमध्ये बसून शेवटच्या थांब्यापर्यंत जावे आणि त्याच बसने परत यावे. संग्रहालयात जाऊन एकाच वस्तूसमोर अर्धा तास उभे राहावे आणि बाकीच्या दालनांकडे ढुंकूनही पाहू नये. हे फार अवघड जाते आणि पहारेकऱ्यांना संशयास्पद वाटते, परंतु एक फुटका दिवा अर्ध्या तासात जितके सांगतो तितके चाळीस दालने सांगत नाहीत. ग्रंथालयात ज्या विषयाशी आपला काडीचाही संबंध नाही त्या कपाटातले एक पुस्तक उघडून त्यातले वीस अनोळखी शब्द उतरवून घ्यावेत. सुतारकामाचे, नौकानयनाचे किंवा मधमाश्यांचे पुस्तक यासाठी उत्तम. रेल्वे स्थानकावर कोणालाही घ्यायला किंवा पोहोचवायला न जाता बसावे. आणि मुद्दाम क्षुल्लक निमित्त काढून संध्याकाळी पायी बाहेर पडावे. इंग्रज लेखिका व्हर्जिनिया वुल्फ यांनी १९२७ साली अशाच एका फेरीवर निबंध लिहिला. त्यात बाहेर पडण्याचे निमित्त एक पेन्सिल विकत घेणे एवढेच आहे. निमित्त जितके क्षुल्लक, तितके लक्ष मोकळे राहते.

वेळ कोवळ्या उन्हाची किंवा ऊन कलल्यावरची धरावी. बारा ते तीन या वेळात बाहेर पडून कोणाचे साहित्य सुधारल्याचे माझ्या पाहण्यात नाही. पाणी, टोपी आणि बसण्यासाठी एक जुने वर्तमानपत्र एवढे सामान पुरते. डोके गरगरू लागले, मळमळले किंवा अंगाला कापरे भरले तर ते लेखकाचे हळवेपण समजू नये. तत्काळ सावलीत जावे, पाणी प्यावे आणि घरी परतावे.

उन्हाचा तडाखा एवढा असेल की दाराबाहेर पाऊल टाकवत नाही, तर भटकंती घरातच करावी. झाव्हिये द मेस्त्र या लष्करी अधिकाऱ्याला १७९० साली द्वंद्वयुद्धाबद्दल ट्यूरिनमध्ये ४२ दिवस खोलीत अडकवून ठेवले होते. त्याने त्या खोलीचाच प्रवास केला, पलंगापासून खुर्चीपर्यंत आणि खुर्चीपासून चित्रापर्यंत, आणि प्रवासवर्णनांची थट्टा करणारे बेचाळीस प्रकरणांचे पुस्तक लिहिले. एका दुपारी फक्त एक खण उघडून त्यातल्या प्रत्येक वस्तूला दोन ओळी द्याव्यात. माझ्या खणात तीन किल्ल्या निघाल्या, ज्यांची कुलपे कोणती हे घरात कोणालाही सांगता आले नाही; त्यांच्यावर लिहिलेला लेख त्या वर्षीचा सर्वांत बरा उतरला.

वही, पेन आणि परतल्यानंतरचा अर्धा तास

वही खिशात किंवा एका तळव्यावर मावेल अशी आणि पुठ्ठ्याच्या ताठ बांधणीची असावी, कारण ती बहुधा गुडघ्यावर ठेवून लिहायची असते. उन्हाळ्यात जेल पेन नेऊ नये. घामेजल्या हाताखाली त्याची शाई पसरते आणि ओळीच्या ओळी धुरकट होतात. साधी बॉलपेन किंवा पेन्सिल बरी. मोबाइलचा पडदा कडक उन्हात दिसत नाही, आणि दिसला तर त्यावर दुसरेच काहीतरी दिसू लागते. तो फक्त आवाज मुद्रित करण्यासाठी वापरावा, तोही एखाद्या मिनिटाचा: पाण्याचा, गर्दीचा, रिकाम्या सभागृहातल्या पंख्याचा.

वहीच्या उजव्या पानावर जागेवरच्या नोंदी कराव्यात आणि डावे पान कोरे सोडावे. प्रत्येक नोंदीच्या डोक्यावर तारीख, वेळ आणि आभाळाची स्थिती लिहावी. ही तीन बोटांची ओळ पुढे सहा महिन्यांनी सगळा प्रसंग उभा करते. नोंदी तुटक असाव्यात, वाक्ये पूर्ण करू नयेत आणि उपमा तर अजिबात देऊ नयेत. उपमा सुचली की आपण वस्तूकडे पाहणे थांबवतो आणि उपमेकडे पाहू लागतो.

आता त्या अर्ध्या तासाविषयी. घरी आल्यावर आपण सर्वसाधारणपणे काय करतो? हातपाय धुतो, आडवे होतो, काय काय पाहिले ते कोणाला तरी सांगतो. सांगून झाले की ती गोष्ट संपते. सांगताना आपण तिला सुरुवात आणि शेवट देतो, ऐकणारा हसला तेथे ती फुगवतो, हसला नाही तेथे गाळतो. नंतर लिहायला बसलो की वहीत उतरतो तो तो सांगितलेला किस्सा, पाहिलेली गोष्ट नव्हे. म्हणून पाणी पिऊन थेट टेबलाशी बसावे आणि घरातल्यांना ‘अर्ध्या तासाने सांगते’ असे आधीच बजावून ठेवावे.

या आग्रहाला थोडा शास्त्राचाही आधार आहे. हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली स्वतःवर केलेले विस्मरणाचे प्रयोग प्रसिद्ध केले. पाठ केलेली निरर्थक अक्षरे पुन्हा शिकताना वीस मिनिटांनंतर सुमारे ५८ टक्के श्रम वाचत, तासाभराने ४४ टक्के आणि एका दिवसाने जेमतेम ३४ टक्के. म्हणजे मोठी घसरण पहिल्या तासातच होते. पाहिलेला प्रसंग निरर्थक अक्षरांपेक्षा अधिक टिकतो हे खरे. परंतु प्रसंगातही आधी गळतात ते तपशीलच, आणि आपल्याला हवे असतात तेही तेच. दुसरी गोष्ट अशी की स्टॅनफर्ड विद्यापीठातील दोन संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत चालत असताना लोकांना नव्या कल्पना अधिक सुचत असल्याचे आढळले. कोऱ्या भिंतीसमोर यंत्रावर चालणाऱ्यांनाही त्या सुचल्या आणि चालून येऊन बसल्यावरही हा परिणाम काही काळ टिकला. एकच अचूक उत्तर शोधण्याच्या कामात मात्र चालण्याचा लाभ झाला नाही. यातून आपल्या कामापुरता निष्कर्ष असा निघतो की परतल्यावर लगेच जे काही लिहायचे ते सैल हाताने लिहावे आणि काटछाट, शब्दशोध, शुद्धलेखन यांना त्या अर्ध्या तासात दाराबाहेर उभे करावे.

चार्ल्स डार्विन आपल्या घरामागच्या वाळूच्या वाटेवर विचार करत फेऱ्या मारी आणि फेऱ्या मोजण्याची कटकट नको म्हणून वाटेवर ठेवलेल्या दगडांच्या ढिगातला एकेक दगड दर फेरीला बाजूला सारी, असे सांगतात. मोजण्यासारख्या हलक्या कामांपासूनही डोके मोकळे ठेवण्याची ही युक्ती आहे. तो अर्धा तासही तसाच मोकळा ठेवावा.

प्रत्यक्षात हे कसे घडते, त्याचे एक उदाहरण वहीतूनच देते. बसच्या शेवटच्या थांब्यावर मी खालील नोंद केली होती:

‘सकाळ ९.१०. आभाळ पांढुरके. मी आणि एक मुलगा, बाकी बस रिकामी. चालक उतरला. चाकांना एकेक करून पायाने टोला. आरसा कागदाने पुसला, कागदाची घडी करून खिशात. परत चढला, पण स्वतःच्या जागी नाही. तिसरी रांग, खिडकी. पाच मिनिटे बाहेर पाहत. मुलगा त्याच्याकडे पाहतो. मी दोघांकडे.’

त्या दिवशी मी अर्धा तास राखला नाही. आल्या आल्या ही गोष्ट मैत्रिणीला दूरध्वनीवर सांगितली, तिला ती फार आवडली आणि रात्री जे लिहिले ते असे उतरले: ‘आयुष्यभर इतरांना पोहोचवणाऱ्या त्या चालकाच्या डोळ्यांत, क्षणभर प्रवासी होण्याची एक मूक आस होती.’ दुसऱ्या दिवशी हे वाक्य वाचून मलाच अवघडल्यासारखे झाले. मूक आस मी पाहिलीच नव्हती. मी त्याचा कान आणि मानेचा मागचा भाग पाहिला होता. पुढच्या आठवड्यात त्याच वेळच्या बसने पुन्हा गेले. चालक वेगळा होता, तरी त्यानेही चाके तपासली आणि तोही तिसऱ्या रांगेत जाऊन बसला. तेव्हा कोठे लक्षात आले की बस उलट फिरून उभी राहिली की त्या बाजूला समोरच्या झाडाची सावली पडते. या वेळी मी घरी येऊन कोणाशीही न बोलता लिहिले:

‘शेवटच्या थांब्यावर गाडीत एकच सावलीची जागा असते आणि ती चालकाची नसते. तो चाके पाहतो, आरसा पुसतो आणि सगळी कामे उरकल्यावर पाहुण्यासारखा तिसऱ्या रांगेत येऊन बसतो. पाच मिनिटांनी घड्याळ पाहून उठतो, तेव्हा आसनावर हात फिरवून ते झटकतो. कोणासाठी, ते ठाऊक नाही, कारण गाडीत अजून कोणीच चढलेले नसते.’

आसन झटकण्याचा तपशील माझ्या नोंदीत नव्हता. तो टेबलाशी बसल्यावर, चौथ्या की पाचव्या मिनिटाला आठवला, आणि तास उलटून गेला असता तर तो आठवला नसता याबद्दल माझी खात्री आहे.

डावे कोरे पान भरायचे ते याच अर्ध्या तासात. उजवीकडे पाहिलेले, डावीकडे आठवलेले. जे सुचलेले किंवा कल्पिलेले आहे त्याखाली रेघ मारावी. कथा लिहिणाऱ्याला कल्पना करण्याची पूर्ण मुभा आहे, फक्त कोणती वीट कोठून आणली हे त्याचे त्याला माहीत असावे.

सोबत असावी की नसावी

एकटे जाणे उत्तम, परंतु सारा उन्हाळा एकट्याने भटकण्यात हलकेफुलकेपणा राहत नाही. आठवड्यातल्या दोन फेऱ्यांपैकी एक कोणासोबत तरी करावी. लहान मुले सर्वांत चांगली सोबत, कारण ती सरळ चालत नाहीत आणि वाटेत कशापाशीही थांबतात. चित्र काढणारी व्यक्ती दुसऱ्या क्रमांकावर. ती चित्र पूर्ण होईपर्यंत हलत नाही आणि आपल्यालाही बसणे भाग पडते. तिच्याकडे पाहून आपणही वहीत वेडेवाकडे रेखाटन करावे. रेखाटताना दाराला कडी कोणत्या बाजूला आहे ते पाहावेच लागते, लिहिताना ते टाळता येते.

दुसऱ्या लेखकासोबत जायचे असेल तर एक करार आधीच करावा: दोघांचे लिहून होईपर्यंत पाहिलेल्या गोष्टींबद्दल अवाक्षर काढायचे नाही. इतर सगळ्या विषयांवर, विशेषतः अनुपस्थित लेखकांवर, मनसोक्त बोलावे. नंतर एकमेकांच्या वह्या वाचाव्यात. एकाच बाकावर बसून दोघांनी काय वेगळे पाहिले हे वाचण्यात जी गंमत आहे ती कोणत्याही कार्यशाळेत मिळत नाही. एकदा माझ्या वहीत तलावाचे दीड पान होते आणि सोबतच्या बाईंच्या वहीत तलावाचा उल्लेखही नव्हता. त्यांनी पूर्ण वेळ माझ्या चपलेच्या तुटलेल्या अंगठ्यावर लिहिले होते.

बिघडलेले आठवडे

पाहुणे येतील, ताप येईल, पंखा बंद पडेल, अवकाळी पाऊस चार दिवस दारातून हलू देणार नाही. बुडालेले शब्द पुढच्या आठवड्यात भरून काढण्याचा प्रयत्न करू नये. बाराशेचे चोवीसशे होतात आणि मग तेही होत नाहीत. बुडाले ते सोडून द्यावे. हवा बिघडल्याने उन्हाळा वाया जातोच असे नाही. १८१५ साली तांबोरा ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला आणि त्याच्या परिणामाने पुढच्या वर्षी युरोपला उन्हाळाच लाभला नाही. १८१६ च्या त्या थंड, ओल्या दिवसांत जिनिव्हा सरोवराकाठी सुट्टी घालवायला आलेली कवी-लेखक मंडळी घरात कोंडली गेली आणि वेळ घालवण्यासाठी प्रत्येकाने एक भुताची गोष्ट लिहावी अशी टूम निघाली. नावाजलेल्या कवींच्या हातून त्यातले फारसे काही पुरे झाले नाही. अठरा वर्षांच्या मेरी शेलीने मात्र तेथे ‘फ्रँकेन्स्टाइन’ या कादंबरीला हात घातला आणि १८१८ साली ती प्रसिद्ध झाली. पावसात अडकलेल्या मंडळींनी घरात असा एखादा खेळ मांडावा: सगळ्यांना एकच पहिले वाक्य, तासाभराची मुदत आणि मोठ्याने वाचून दाखवण्याची सक्ती.

शेवटचे दोन आठवडे

नवव्या आठवड्यापासून नवे काही लिहू नये. वही पहिल्या पानापासून वाचावी आणि जेथे आपणच थबकतो तेथे पेन्सिलीने खूण करावी. वीस तुकड्यांतले आठ किंवा नऊ निवडावेत. जे सर्वांत श्रम घेऊन लिहिले तेच निवडण्याचा मोह होतो, म्हणून ही निवड एखाद्या विश्वासू वाचकाकडून तपासून घ्यावी. श्रम त्याला दिसत नाहीत, हा त्याचा गुण आहे. मग प्रत्येक तुकडा मोठ्याने वाचावा. जीभ अडखळते तेथे वाक्य मोडावे, श्वास पुरत नाही तेथे कापावे आणि आवाज आपोआप गंभीर होतो तेथे बहुधा एखादी ‘मूक आस’ दडलेली असते, ती शोधून काढावी.

निवडलेल्या तुकड्यांना क्रम लावताना तारखांचा क्रम पाळण्याची गरज नाही, परंतु पहिला आणि शेवटचा तुकडा वेगवेगळ्या वेळेचे असावेत, एक पहाटेचा असेल तर दुसरा दिवेलागणीचा. न निवडलेले तुकडे फाडू नयेत. मी ते वहीच्या मागच्या कप्प्यात घालते, वहीवर वर्ष लिहिते आणि ती कपाटाच्या सर्वांत वरच्या फळीवर ठेवते, जेथे हात पोहोचण्यासाठी खुर्ची घ्यावी लागते. त्या तीन किल्ल्यांपैकी एक तेथेच, गेल्या वर्षीच्या वहीखाली, एका जुन्या पेटीला लागली.